बिनघोड्याची पागा

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच असलेल्या शहरात समुद्र घरी आणून ठेवण्याची हौस निर्माण व्हावी, यात मानवी स्वभावाच्या अभ्यासकाला नवल वाटण्याचे कारण नाही. ज्यांच्या खिडकीतून समुद्र दिसतो ती माणसे सामान्यतः खिडकीला पडदा ओढून मालिका पाहत बसतात, आणि ज्यांच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची काळी टाकी दिसते तीच दिवाणखान्यात प्रवाळ वाढवण्याचे बेत आखतात. मुंबईत 1951 साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडेच होता. बेंगळुरूत कब्बन पार्कच्या कडेला, कस्तुरबा रस्त्यावर 1983 मध्ये उभ्या राहिलेल्या हिऱ्याच्या आकाराच्या शासकीय मत्स्यालयाला ही सोय नव्हती, आणि सर्जापूर रस्त्यावर चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या संगणक अभियंत्याला तर ती मुळीच नाही. तरीही तो टाकी आणतो, आणि साध्या माशांवर त्याचे समाधान झाले नाही म्हणजे परदेशी हस्तपुस्तिका वाचून या छंदाच्या शेवटच्या पायरीकडे, म्हणजे समुद्रघोड्याकडे, वळतो.

समुद्रघोडा हा हिप्पोकॅम्पस या प्रजातीतील मासा आहे. त्याला कल्ले आहेत, पर आहेत, पाण्यात तोल सांभाळणारा वाताशय आहे. मात्र खवल्यांच्या जागी हाडांच्या कड्यांचे चिलखत आहे, शेपटीला पर नसून ती वेलीच्या तणाव्याप्रमाणे वस्तूला विळखा घालते, आणि दोन डोळे एकाच वेळी दोन दिशांना पाहू शकतात. तो उभ्याने पोहतो. पोहतो म्हणण्यापेक्षा पाठीवरचा चिमुकला पर सेकंदाला 35 वेळा हलवून जागच्या जागी राहतो म्हणणे अधिक न्याय्य होईल. त्याच्या बटुक जातीची गती तासाला सुमारे दीड मीटर भरते आणि जगातील सर्वांत मंद मासा हा मान तिच्याकडे आहे. अशा प्राण्याचे आकर्षण अशा शहराला वाटावे की जेथे प्रत्येक कामाची मुदत काल संपलेली असते, हे मानसशास्त्राच्या दृष्टीने समजण्याजोगे आहे.

बेंगळुरूशी मराठी माणसाचा आणि मराठी घोड्याचा संबंध जुना आहे. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर केंपेगौडांच्या वंशजाकडून घेतल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि पुढे सुमारे अर्धशतक येथे मराठी पागा नांदल्या. त्या पागांना काय लागते हे सर्वांना ठाऊक होते: चंदी, पाणी, खरारा, नाल आणि विश्वासू मोतद्दार. समुद्रघोड्याला यांपैकी केवळ पाणी लागते, तरीही खर्च संपूर्ण पागेचा येतो.

हे पाणी कसे सिद्ध होते ते पाहणे उद्बोधक आहे. बेंगळुरूला मिळणारे कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून, टप्प्याटप्प्याने पंपांनी उचलून, जवळजवळ अर्धा किलोमीटर उंची चढवून आणले जाते. त्याच्या वाटपावरून कर्नाटक आणि तमिळनाडू यांच्यातील वाद न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत अनेक दशके चालला आणि 2018 मध्ये त्या न्यायालयाने निकाल दिल्यावरही कोरड्या वर्षी तो ताजाच असतो. असे हे दुर्मीळ, वादग्रस्त आणि गोडे पाणी नळाला आले म्हणजे हौशी मत्स्यपालक प्रथम ते आरओ यंत्रातून काढतो, म्हणजे दाबाखाली अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ढकलून त्यातले विरघळलेले क्षार वेगळे करतो, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन आणि कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार समुद्री जीवांना मानवत नाहीत. आणि सर्व क्षार गेल्याची खात्री झाल्यावर तो त्याच पाण्यात दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार पुन्हा घालतो. कावेरीला तिच्या वाटेने जाऊ दिले असते तर पूंपुहारजवळ बंगालच्या उपसागराला मिळून हेच काम विनामूल्य झाले असते, आणि त्या किनाऱ्याच्या दक्षिणेस पाल्कच्या उपसागरात समुद्रघोडे राहतातही, परंतु छंदाला भूगोल मान्य नसतो.

या प्रक्रियेत मिळणाऱ्या दर लिटर शुद्ध पाण्यामागे साधारणपणे दोन-तीन लिटर पाणी वाया जाते. 2024 च्या मार्च महिन्यात शहरात पाण्याची तीव्र टंचाई असताना पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी गाड्या धुण्यास, बागेस, बांधकामास आणि कारंज्यांस वापरण्यावर बंदी घालून 5,000 रुपयांचा दंड लावला होता. पिण्याच्या पाण्यात जाणूनबुजून मीठ कालवणाऱ्याचा त्यात उल्लेख नव्हता. असा मनुष्य शहरात असू शकतो, ही कल्पना कोणत्याही आदेश लिहिणाऱ्याला सहसा सुचत नाही.

मीठही स्वयंपाकघरातले चालत नाही. खाण्याचे मीठ म्हणजे बहुतांशी सोडियम क्लोराइड, तर समुद्राच्या पाण्यात त्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आणि इतर अनेक घटक ठराविक प्रमाणात असतात. म्हणून या कामासाठी तयार केलेले मिश्रण बादलीने विकत मिळते. दोनशे लिटरच्या टाकीला असे सात किलो मीठ प्रथम लागते, आणि त्यानंतर दर आठवड्याला बदलल्या जाणाऱ्या पाण्यापुरते पुन्हा लागते. घरातील ज्येष्ठ स्त्रिया सात किलो हा आकडा ऐकून मनात लिंबांचा हिशेब करतात आणि पुढे काही बोलत नाहीत. खारेपणा मोजण्यासाठी अपवर्तनमापक नावाचे, पाण्याच्या थेंबातून जाताना प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारांचे प्रमाण दाखवणारे, दुर्बिणीसारखे उपकरण असते. ते डोळ्याला लावून खिडकीकडे तोंड करून उभा असलेला गृहस्थ समोरच्या इमारतीतून पाहणाऱ्यांना संशयास्पद वाटतो, आणि रहिवाशांच्या व्हॉट्सॲप गटावर त्याबद्दल विचारणा झाली तर खुलासा देणे कठीण जाते. कारण खरा खुलासा खोट्याहून अविश्वसनीय असतो. शिवाय टाकीतून पाण्याची वाफ होते पण क्षार मागेच राहतात, त्यामुळे खारेपणा स्थिर ठेवण्यासाठी रोज त्यात गोडे पाणी घालावे लागते. म्हणजे एकाच टाकीत आठवड्याला खारे आणि रोज गोडे पाणी ओतले जाते, आणि दोन्ही कृती शास्त्रशुद्ध असतात.

तापमानाच्या बाबतीत मात्र बेंगळुरूकरांना अभिमानाने मान वर करता येते. उष्ण समुद्रात समुद्रघोडा 28 अंशांतही सुखाने राहतो, पण टाकी म्हणजे समुद्र नव्हे. तिच्यातील थोड्या पाण्यात सेंद्रिय घाण साचलेली असते, आणि उष्णता वाढली की व्हिब्रिओ प्रजातीचे जिवाणू त्या घाणीवर झपाट्याने वाढून माशाच्या कातडीवर, शेपटीवर आणि नळीसारख्या तोंडावर हल्ला चढवतात. म्हणून हस्तपुस्तिका उष्ण प्रदेशातील जातींनाही 22 ते 24 अंशांत ठेवण्याचा आग्रह धरतात. हे तापमान राखण्यासाठी मुंबईत, पणजीत किंवा चेन्नईत शीतयंत्र लावून घरातील माणसांपेक्षा माशाला अधिक थंडाव्यात ठेवावे लागते. बेंगळुरूत ते वर्षातील बरेच महिने नुसत्या हवेने साधते. "आमच्याकडे पंखासुद्धा लागत नाही" हे पुण्याच्या नातेवाइकांना वर्षानुवर्षे ऐकवले गेलेले विधान येथे प्रथमच कोणाच्या तरी उपयोगी पडते. 2024 च्या एप्रिलात पारा 38 अंशांच्या वर गेला तेव्हा ते विधान तात्पुरते मागे घेण्यात आले. पंखे आले, टाकीवरही एक आला.

टाकी, पाणी, मीठ, दिवा आणि पंप एवढे जमल्यावर नवख्याला वाटते की आता मासा आणावा. येथे शास्त्र त्याला थांबवते. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे अल्प प्रमाणात सोसवते. हे दोन्ही जिवाणू टाकीतील दगडांवर आणि गाळणीत स्थायिक होईपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात, आणि तोवर टाकीत मासा नसतो. या अवधीत घरी येणाऱ्या पाहुण्यांना निळ्या उजेडात उजळलेले, मंद खळखळणारे, पूर्णपणे रिकामे पाणी दाखवले जाते आणि त्यात सध्या फार महत्त्वाचे काही चालू आहे असे सांगितले जाते. पाहुणे सभ्य असतील तर मान डोलावतात.

टाकीच्या रचनेविषयीही नियम आहेत. ती रुंदीपेक्षा उंचीने मोठी, निदान 45 ते 50 सेंटिमीटर खोल असावी लागते, कारण जोडी जुळताना समुद्रघोडे एकमेकांसमवेत वर तरंगत जातात आणि उंची कमी पडली तर अंडी पिशवीत न पडता तळाला पडतात. शेपटीने धरून बसण्यासाठी फांद्या, कृत्रिम वनस्पती किंवा मृत प्रवाळाचे तुकडे लागतात. पाणी फिरते हवे पण त्याला जोर नको, आणि पंपाचे तोंड झाकलेले हवे, कारण ज्याचा विळखा घालण्याजोग्या प्रत्येक वस्तूवर विश्वास असतो त्या प्राण्याची शेपटी पंपातही जाते. सहवासी निवडताना तर स्थळ पाहताना करतात त्याहून अधिक चौकशी करावी लागते. नांगीसारख्या पेशींनी डंख करणारे समुद्रफूल वर्ज्य, खेकडे वर्ज्य, 2003 च्या एका लोकप्रिय चित्रपटाने घरोघरी पोहोचवलेला क्लाउनफिश हा दिसायला गोजिरवाणा मासाही, जागेवरून भांडत असल्यामुळे आणि जेवण आधी संपवत असल्यामुळे, शहाणे लोक टाळतात. उरतात त्या गोगलगायी आणि काही शांत स्वभावाचे लहान मासे, म्हणजे ज्यांच्याशी स्पर्धा करूनही समुद्रघोडा हरणार नाही असे थोडे जीव.

परंतु या सर्वांहून बिकट प्रश्न आहाराचा आहे, आणि तो शरीररचनेतून येतो. समुद्रघोड्याला दात नसतात आणि जठरही नसते. इतर प्राण्यांत खाल्लेले अन्न काही काळ जठरात साठते आणि सावकाश पचते. येथे साठवणीची ही खोलीच बांधलेली नसल्याने अन्न तोंडातून आतड्यात आणि आतड्यातून बाहेर असा अखंड प्रवास करते, आणि मालकाने त्याला दिवसातून दोन-तीन वेळा खाऊ घालणे भाग पडते. निसर्गात हा प्राणी अव्वल शिकारी आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार बटुक जातीचा समुद्रघोडा शांत पाण्यात दहांपैकी नऊ वेळा भक्ष्य पकडतो, कारण त्याच्या मुंडीच्या विशिष्ट आकारामुळे तोंडापुढचे पाणी हलत नाही आणि भक्ष्याला त्याची चाहूल लागत नाही. हाच शिकारी टाकीत आल्यावर पुढ्यात पडलेल्या गोठवलेल्या मायसिसकडे, म्हणजे कोळंबीसारख्या दिसणाऱ्या सेंटिमीटरभर लांबीच्या मृत जीवाकडे, मंडईत गवारीची प्रत्येक शेंग वाकवून पाहणाऱ्या निवृत्त गृहस्थाच्या नजरेने आधी उजव्या, मग डाव्या डोळ्याने पाहतो, निर्णय राखून ठेवतो, आणि तेवढ्यात ते अन्न तळाशी जाऊन अमोनिया होण्याच्या मार्गाला लागते. समुद्रातून पकडलेले समुद्रघोडे मेलेले अन्न बहुधा नाकारतातच. बंदिस्त जागेत जन्मलेल्यांना ते शिकवावे लागते. जिवंत अन्न म्हणून आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या सरोवरांत वाढणारा आणि ज्याची सुकी अंडी डब्यांतून विकली जातात असा सूक्ष्म कवचधारी जीव, घरीच उबवता येतो, पण त्याचे पोषणमूल्य कमी असल्याने आधी त्यालाच मेदाम्लांचा खुराक चारावा लागतो. तात्पर्य, माशाला जेवू घालण्यापूर्वी माशाच्या जेवणाला जेवू घालावे लागते.

गोठवलेला मायसिस शीतपेटीतच ठेवावा लागतो, आणि बेंगळुरूतील मराठी कुटुंबांपैकी बरीच शाकाहारी असल्यामुळे मटार, खवलेला नारळ आणि गणपतीनंतर उरलेले मोदक यांच्या शेजारी त्याला जागा देण्याच्या प्रश्नावर घरात स्वतंत्र वाटाघाटी होतात. त्या सहसा दुसऱ्या लहान शीतपेटीच्या खरेदीने संपतात. याउलट मालवणकडचा पाहुणा आला तर त्याला मायसिसबद्दल काहीच आक्षेप नसतो. तो टाकीतील प्राण्याकडे बराच वेळ पाहतो, त्याच्या अंगावरची हाडांची कडी मोजतो, आणि यात खाण्यासारखे काही नाही असा निष्कर्ष काढून कायमचा उदासीन होतो. जठराच्या अभावाचा सर्वांत मोठा फटका मात्र प्रवासाला बसतो. गणेशोत्सवासाठी पुण्याला जाणारी खासगी बस पकडावी तर दिवसातून तीनदा पिचकारीने मायसिस वाढून उरलेला पुन्हा ओढून कोण घेणार, हा प्रश्न उभा राहतो. शेजाऱ्याला कुंडीला पाणी घालायला सांगता येते, पण ज्याला जठर नाही अशा प्राण्याची जबाबदारी घ्यायला सांगणे म्हणजे स्नेहाची परीक्षा पाहणे होय.

आजारांचे प्रकरण लांबवण्यात अर्थ नाही, तरी एका रोगाचा उल्लेख आवश्यक आहे. बुडबुड्यांचा रोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकारात माशाच्या कातडीखाली किंवा नराच्या पिशवीत वायू साठतो आणि रुग्ण इच्छेविरुद्ध पृष्ठभागावर तरंगू लागतो. त्यावर परदेशातील जाणकार ॲसेटाझोलामाइड हे औषध वापरतात, जे माणसांना काचबिंदूवर आणि उंचावरच्या विरळ हवेच्या त्रासावर दिले जाते. लडाखला निघालेले बेंगळुरूचे गिर्यारोहक हेच औषध सोबत नेतात. त्यामुळे औषधाच्या दुकानात ते मागणाऱ्याला दुकानदार केव्हा निघणार असे विचारतो, आणि रुग्ण घरातच वर निघाला आहे हे उत्तर त्याच्या पचनी पडत नाही.

या प्राण्याची जगभर ख्याती आहे ती त्याच्या पितृत्वामुळे. मादी नराच्या पोटावरील पिशवीत अंडी घालते. पुढे त्यांना प्राणवायू आणि पोषण पुरवणे आणि पिशवीतील खारेपणा हळूहळू बाहेरच्या पाण्याशी जुळवून घेणे ही सर्व कामे नर करतो, आणि आपल्या किनाऱ्यांवरील कुडा नावाच्या जातीत तीन-चार आठवड्यांनी शेकडो पिल्ले एकदम बाहेर टाकून लवकरच पुन्हा त्याच कामाला सिद्ध होतो. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पहिल्या दोन अपत्यांपर्यंत पितृत्वाची 15 दिवसांची रजा मिळते, हे येथे केवळ तुलनेसाठी नोंदवले आहे. काही जातींत जोडीदार रोज सकाळी भेटून, रंग बदलत, शेपट्या गुंतवून काही मिनिटे नाचतात, असे कॅनडाच्या अमँडा व्हिन्सेंट यांच्या अभ्यासांतून दिसून आले; याच विदुषींनी 1996 मध्ये हीदर कोल्डवे यांच्यासह प्रोजेक्ट सीहॉर्स ही संवर्धन संस्था उभारली. पिल्ले वाढवणे हे मात्र जोडी जुळवण्याहून कितीतरी अवघड काम आहे. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत कुडा जातीची बंदिस्त पैदास करून दाखवण्यात आली, पण तेथे दाराशी समुद्र, हाताशी प्रयोगशाळा आणि पिल्लांकडे पाहण्यासाठी पगारी शास्त्रज्ञ होते. चौदाव्या मजल्यावर दोन बैठकांच्या मधल्या दहा मिनिटांत ते काम होत नाही.

येथवर पाणी झाले, मीठ झाले, जिवाणू वसले, शीतपेटी आली, शेजारी राजी झाला. आता घोडा आणावयाचा. आणि येथे असे आढळते की भारतात तो आणताच येत नाही. समुद्रघोडा आणि त्याचे सर्व नळीतोंडे भाऊबंद 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ आणि हत्ती जिथे आहेत त्या यादीत, घातले गेले. त्यांना पकडणे, विकणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा असून, 1 एप्रिल 2023 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांविषयीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान 25,000 रुपये दंड सांगितला आहे. मराठी फौजेत स्वतःचा घोडा आणणाऱ्याला शिलेदार आणि सरकारी पागेतून घोडा मिळणाऱ्याला बारगीर म्हणत. या कायद्याने समुद्रघोड्याच्या बाबतीत शिलेदारी तर बंद केलीच, पण बारगिरीचीही सोय ठेवली नाही, कारण बेकायदा बाळगलेला वन्यप्राणी सरकारजमा होतो आणि परत मिळत नाही. दुकानदार जेव्हा आवाज खाली आणून "इम्पोर्टेड आहे, काही होत नाही" असे सांगतो, तेव्हा त्याच्या वाक्याचा उत्तरार्ध केवळ त्याच्यापुरता खरा असतो.

हा कायदा हौशी माणसाच्या बाबतीत जितका स्पष्ट आहे तितका तो समुद्रात नाही, हे खेदाने नमूद केले पाहिजे. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्याला अनुसूची वाचता येत नाही. कोळंबीसाठी टाकलेल्या जाळ्यात समुद्रघोडे आपोआप येतात, आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतात असे वर्षाला सुमारे 50 लाख ते 1 कोटी 36 लाख समुद्रघोडे सापडत असल्याचा अंदाज मांडला. त्यांतले बरेच वाळवून पारंपरिक चिनी औषधांच्या बाजाराकडे चोरवाटेने जातात. दिवाणखान्यातल्या एका घोड्याला वाघाचे संरक्षण आणि समुद्रातल्या लाखोंना जाळ्याच्या आकड्यांचे, अशी ही व्यवस्था आहे, आणि तिच्यातील विनोद समुद्रघोड्याच्या लक्षात येण्याची शक्यता नाही. त्यावर उपाय टाकी नव्हे. किनाऱ्यालगत ट्रॉलरना असलेली बंदी खरोखर पाळली जाणे हा आहे.

तेव्हा जिवंत किंवा वाळवलेला समुद्रघोडा कोठे विक्रीला दिसला तर वाचकांनी तो विकत घेऊन वाचवण्याच्या भानगडीत न पडता वन विभागाला कळवावे. ज्यांची टाकी आधीच भरून, खारवून आणि जिवाणूंनी वसवून झाली आहे त्यांनी तीत बंदिस्त पैदाशीचा क्लाउनफिश सोडावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचे तंत्र भारतातच विकसित केले आहे, तो पुढ्यात पडेल ते ताबडतोब खातो, आणि त्याला जठर असते.